जलरंगांतील श्वानचित्र व त्याची साक्ष

जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून कागदांबरोबर जीं सुटीं चित्रें बाहेर पडतात, त्यांत देवदेवतांची, राजेरजवाड्यांची व रागमालेचीं चित्रें संग्राहक तत्काळ उचलतो. त्यांतच क्वचित् एकट्या कुत्र्याचें जलरंगी चित्र असतें. गळ्यांत पट्टा, पाठीवर झूल, पायांखालीं चार गवताच्या काड्या, आणि बाकी पार्श्वभूमि कोरी. असें चित्र बहुधा बाजूस पडतें, किंवा त्याच्या मागें कोणी तरी शिसपेनीनें एखादें मोठें नांव लिहून ठेवतो व तेवढ्यावर त्याची किंमत दसपट होते. या दोन्ही प्रकारांनीं इतिहासाची हानि होते. पहिल्यानें साधन फुकट जातें, दुसऱ्यानें तें भ्रष्ट होतें. यास्तव अशा चित्राकडे ऐतिहासिक साधन या नात्यानें कसें पाहावें, तें कशाची साक्ष देऊं शकतें व कशाची देऊं शकत नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्हीं योजिला आहे. विषय क्षुद्र वाटेल. परंतु त्याच्याशीं छत्रपति शाहू महाराजांच्या उत्तरवयांतील मनःस्थितीचा एक वादग्रस्त प्रश्न निगडित आहे, हें पुढें दिसून येईल.

प्रथम आपल्या वाङ्मयाकडे पाहूं. श्वानाविषयीं आपल्या ग्रंथांची दृष्टि दुहेरी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत सरमा ही इंद्राची दूती होऊन पणींकडे जाते. महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाचे बंधु सरमेच्या निरपराध पुत्रास मारतात आणि ती त्या कुळास शाप देते. त्याच ग्रंथाच्या शेवटीं महाप्रस्थानांत युधिष्ठिर बरोबर आलेल्या श्वानास सोडून स्वर्गांत पाऊल ठेवण्यास तयार होत नाहीं. म्हणजे भारताच्या महाद्वारीं एक कुत्रा व शेवटच्या दारीं दुसरा कुत्रा उभा आहे, आणि दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच आहे: मुक्या प्राण्याशीं केलेला अन्याय धर्माच्या दरबारांत मोजला जातो कीं नाहीं? उलटपक्षीं स्मृतिकारांनीं श्राद्धकर्मांत श्वानाची दृष्टिसुद्धां वर्ज्य ठरविली. या दुहेरी वृत्तीमुळें कुत्रा आपल्या चित्रांत आला तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या सोबतीनेंच: भैरवाचें वाहन म्हणून, खंडोबाच्या घोड्याबरोबर धांवणारा म्हणून, दत्तात्रेयाच्या पायांशीं चार वेदांचें रूप म्हणून, अथवा पारध्याच्या मागें. स्वतःच्या नांवानें, एकटा, चित्राचा नायक म्हणून तो जुन्या परंपरेंत सहसा दिसत नाहीं.

याला शास्त्राचा अभाव हें कारण नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लास ग्रंथांत चित्रकर्माचें सविस्तर प्रकरण आहे, व विनोदांच्या विंशतींत सारमेयविनोद नांवाचा स्वतंत्र अध्यायहि आहे. भिंत कशी घोटावी, वज्रलेप कसा करावा, रंग कसे सिद्ध करावे, हें ज्या राजानें लिहिलें, त्यानेंच शिकारी कुत्र्यांची परीक्षाहि सांगितली. दक्षिणेंतील एकाच राजाच्या एकाच ग्रंथांत दोन्ही विद्या शेजारीं नांदत होत्या. परंतु जातीची परीक्षा निराळी व अमुक एका कुत्र्याची तसबीर निराळी. पहिलीस लक्षणें पुरतात. दुसरीस त्या प्राण्याला नांव असावें लागतें आणि त्याचें रूप मागें राहावें अशी इच्छा असणारा धनी असावा लागतो.

हा धनी मोंगल दरबारांत स्पष्टपणें दृष्टीस पडतो. अबुल् फजल यानें ऐन-इ-अकबरींत शिकारीच्या प्रकरणांत असें नमूद केलें आहे कीं, अकबर बादशहास कुत्र्यांची फार आवड असून तो देशोदेशींहून तीं आणवीत असे. काबूल प्रांतांतील, विशेषतः हजारा मुलुखांतील कुत्रीं उत्तम समजत. त्यांस अलंकार घालीत व नांवें ठेवीत. आणि तीं वाघावरसुद्धां चालून जात. अलंकार, नांव व वाघाशीं झुंज, हीं तीन कलमें वाचकांनीं ध्यानांत ठेवावींत. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

जहांगीर बादशहाच्या कारकीर्दींत प्राणिचित्रांस विशेष भर आला. इ. स. १६१२ मध्यें मुकर्रबखानानें गोव्याहून अपूर्व पशुपक्षी आणले, तेव्हां त्यांचें वर्णन लिहिल्यानें बादशहाचें समाधान होईना. वाचणारांस ऐकण्याहून पाहण्यानें अधिक आश्चर्य वाटावें म्हणून त्यानें चितारी लावून त्यांचीं चित्रें काढविलीं. याच दरबारच्या उस्ताद मन्सूर यानें काढलेलें झेब्र्याचें चित्र लंडन येथील व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांत आहे. त्याच्या कडेस जहांगिराच्या हातचा लेख असून त्यांत तो प्राणी कोणीं आणला, चित्र कोणीं काढलें व सन कोणता (हिजरी १०३०, म्हणजे इ. स. १६२१) हें दिलें आहे. प्राणिचित्र प्रमाण केव्हां ठरतें याचा हा आदर्श नमुना होय. प्राणी, चितारी, काल व प्रसंग हीं चारहि अंगें एका पृष्ठावर समकालीन हस्ताक्षरांत मिळालीं, म्हणजे शंकेस जागा राहत नाहीं.

याच बादशहाच्या काळीं इंग्रजांचा वकील सर टॉमस रो इ. स. १६१५ पासून १६१९ पर्यंत हिंदुस्थानांत होता. त्याच्याजवळ एडवर्ड टेरी नांवाचा पाद्री होता. टेरीचा प्रवासवृत्तांत इ. स. १६५५ त छापून प्रसिद्ध झाला. त्यांत विलायतेहून नजराण्यासाठीं निघालेल्या मोठ्या मास्टिफ जातीच्या कुत्र्यांची हकीकत आहे. त्यांतलीं दोनच शेवटपर्यंत वांचून बादशहापर्यंत पोंचलीं. बादशहानें प्रत्येकाच्या तैनातीस चार चार माणसें लावून दिलीं, तीं कुत्रीं पालखींतून फिरविलीं जात, माशा वारण्यास निराळीं माणसें असत, आणि त्यांस स्वहस्तें खाऊं घालण्याकरितां बादशहानें रुप्याचा चिमटा करविला, असें टेरी सांगतो. पालखी हा मान आपल्या देशांत कोणास व कसा मिळे हें वाचकांस सांगणें नको. तो मान जहांगिराच्या दरबारीं कुत्र्यास मिळालेला एका परक्या माणसानें नोंदून ठेवला आहे.

आतां शाहू महाराजांकडे वळूं. ग्रँट डफ यानें इ. स. १८२६ त प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत अशी हकीकत दिली आहे. धाकटी राणी सगुणाबाई वारल्यानंतर महाराजांस कांहीं काळ बुद्धिभ्रम झाला. दोन मराठे सरदार भेटीस येणार म्हणून दरबार भरला असतां महाराजांनीं आपल्या आवडत्या कुत्र्यास जरीचा पोषाख व जवाहीर घातलें आणि स्वतःची पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली. त्यानंतर त्यांनीं पुन्हा डोकीस कांहीं घातलें नाहीं. या कुत्र्यानें पूर्वीं वाघाच्या शिकारींत महाराजांचा जीव वांचविला होता. त्याबद्दल महाराजांनीं त्यास जहागिरीच्या सनदा करून दिल्या व पालखीचा मान दिला. आणि पालखीचा सरंजाम खरोखरच चालविला जात असे. साताऱ्याजवळ संगम माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या कांठीं शाहू महाराजांची समाधि आहे व तेथें त्यांच्या श्वानाचीहि समाधि दाखवितात.

डफनें या सर्व गोष्टी एका माळेंत ओंवून त्यांवर वेडेपणाचा शिक्का मारला, आणि पुढील अनेक लेखकांनीं तो जसाच्या तसा उचलला. आमच्या मतें येथें दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. पगडीचा प्रकार एका बाजूस व सनद-पालखीचा प्रकार दुसऱ्या बाजूस असे भाग पाडून पाहिले पाहिजेत. शाहू महाराज इ. स. १६८९ त रायगड पडला त्या वेळीं मातोश्रींसह मोंगलांच्या हातीं सांपडले व इ. स. १७०७ त सुटून आले. बालपण व तारुण्याचा आरंभ अशीं सुमारें अठरा वर्षें त्यांनीं बादशाही छावणींत काढिलीं. शिकार, पोषाख, दरबारी रीतरिवाज यांचे पहिले संस्कार त्यांच्यावर त्याच वातावरणांत झाले. त्या राज्याच्या पूर्वींच्या दरबारांत कुत्र्यास नांव व अलंकार होते, तो वाघावर सोडला जाई आणि पालखींतहि बसविला जाई, हें अबुल् फजल व टेरी अशा दोन स्वतंत्र साक्षीदारांनीं लिहून ठेविलें आहे. मग प्राण वांचविणाऱ्या श्वानास महाराजांनीं पालखी दिली, तर त्यांत मराठ्यांच्या साध्या रिवाजास सोडून कांहीं असेल, पण बुद्धिभ्रमाचें लक्षण अवश्यमेव मानावें असें कांहीं नाहीं.

येथें एक आक्षेप संभवतो. जहांगिराचीं कुत्रीं व शाहू महाराजांचा श्वान यांत सुमारें एकशेतीस वर्षांचें अंतर आहे, आणि शाहू महाराज वाढले ते औरंगजेबाच्या छावणींत. त्या कर्मठ बादशहास अशा गोष्टींचें कौतुक नसणार. हा आक्षेप योग्य आहे व त्याची मर्यादा आम्हांस मान्य आहे. पूर्वोदाहरण दाखविल्यानें अनुकरण सिद्ध होत नाहीं. मात्र एखादें कृत्य निव्वळ वेडाचें म्हणावयाचें तर त्यास कोठेंच पूर्वोदाहरण नसावें लागतें, आणि येथें तें आहे, एवढें सिद्ध होतें. शिवाय पालखीचा सरंजाम चालू राहिला, असें डफच लिहितो. वेडाच्या भरांत निघालेला हुकूम कारभारी मंडळी तोंडदेखला मानील व लौकरच विसरेल. परंतु भोई, दाणावैरण व पगार यांचा रोजचा खर्च चालवावयाचा तर तो कोणत्या तरी हिशेबीं घालावा लागतो. पगडीचा प्रसंग मात्र शोकाचा दिसतो. प्रिय राणी गेल्यानंतर राजानें मस्तकावरचें भूषण उतरून एका इमानी प्राण्याच्या डोक्यावर ठेवावें व पुन्हा डोकें झांकूं नये, यांत बुद्धि ढळली होती असें कोणी म्हणेल, तर मन विटलें होतें असें दुसरा म्हणेल. त्याचा निकाल लावण्यास हें स्थळ नव्हे.

आतां चित्राकडे परत येऊं. अमुक चित्र शाहू महाराजांच्या श्वानाचें असें कोणी दाखवूं लागल्यास त्याची परीक्षा कशी करावी? आमचा क्रम असा आहे.

पहिली परीक्षा रंगाची. ज्यास आपण सरसकट जलरंग म्हणतों, त्याचे दोन प्रकार आहेत. देशी पद्धतींत अनेक ताव चिकटवून केलेल्या वसलीवर रेखा काढून तीवर सफेद्याचा पातळ हात देत, मग डिंकांत कालविलेले हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळ, सफेदा असे घट्ट रंग थरावर थर देऊन भरीत व कागद उलटा ठेवून अकीकाच्या गोट्यानें घोटीत. कुत्र्याची लव खारीच्या केसांच्या बारीक कुंचलीनें एकेक रेघ ओढून दाखवीत. विलायती पद्धतींत पांढऱ्या जागीं कागद कोरा ठेवितात, रंग पाण्यासारखा पातळ असतो, त्याखालून कागद दिसतो, आणि प्राण्याच्या पायांशीं जमिनीवर छाया पडते. ही छाया व हा पारदर्शक रंग दक्षिणेंतील चित्रांत ठळकपणें येऊं लागला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणून ज्या श्वानचित्रांत तीं दोन्ही लक्षणें आहेत, तें इ. स. १७४९ त कैलासवासी झालेल्या महाराजांच्या डोळ्यांपुढें काढलेलें असण्याचा संभव फार थोडा.

दुसरी परीक्षा कागदाची. देशी हातकागद व विलायती कागद यांचा भेद उजेडाकडे धरतांच कळतो. विलायती कागदांत जलचिन्ह असतें, आणि इ. स. १७९४ नंतरच्या पुष्कळ इंग्रजी कागदांत सालहि असतें. तें साल म्हणजे चित्राची पूर्वमर्यादा होय. चित्र त्या सालाच्या आधींचें असूं शकत नाहीं, नंतरचें कितीहि असूं शकेल. त्याबरोबरच रेखा खाक्यावरून उतरविली आहे काय, हेंहि पाहावें. टोंचलेल्या खाक्यावरून कोळशाची पूड दाबून रेखा उतरविण्याची चाल चिताऱ्यांत होती. अशा रेखेखालीं बारीक टिंबांची ओळ कधीं कधीं राहून जाते. ती दिसली, तर तें चित्र समोर बसलेल्या कुत्र्यावरून काढलेलें नसून आधींच्या चित्राची प्रत आहे असें समजावें. प्रत निरुपयोगी नसते. पण तिची साक्ष मूळ चित्रापुरती, कुत्र्यापुरती नव्हे.

तिसरी परीक्षा लेखाची, व हीच सर्वांत महत्त्वाची. चित्राच्या पाठीवर मोडींत दोन ओळी असल्या तर हस्ताक्षर, शाई व सन हीं तिन्हीं पाहावींत. सनांत घोटाळा फार होतो. आपल्या कागदांत शुहूर सन व दक्षिणी फसली सन असे दोन्ही येतात. दोन्ही मृगापासून बदलतात, पण पहिल्यांत ५९९ किंवा ६०० मिळविल्यानें इसवी सन येतो व दुसऱ्यांत ५९० किंवा ५९१ मिळविल्यानें. उदाहरणार्थ, शाहू महाराजांच्या निधनाचें वर्ष शुहूर सनानें खमसैन मया व अलफ, म्हणजे ११५०, आणि फसलीनें ११५९ होय. नुसता ११५० चा आंकडा कोणी फसली समजून वाचील, तर तो इ. स. १७४० वर जाऊन बसेल व नऊ वर्षांची चूक होईल. अरबी संख्याशब्द असल्यास शुहूर, हा सामान्य संकेत. पण केवळ आंकडा असतां सोबतचा महिना, तीथ व वार जुळवून पाहिल्याशिवाय निर्णय करूं नये.

या तिसऱ्या परीक्षेचें महत्त्व पटविण्यास पुण्याचेंच एक उदाहरण पुरेसें आहे. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स वेअर मॅलेट याच्यासाठीं गंगाराम चिंतामण तांबट या पुणेंकर कारागिरानें पेशव्यांच्या पशुसंग्रहांतील प्राण्यांचीं जलरंगी चित्रें काढिलीं. त्यांतील कित्येक आज अमेरिकेंत येल येथील ब्रिटिश कलेच्या संग्रहालयांत आहेत. जेम्स वेल्स या विलायती चिताऱ्यानें सवाई माधवरावांच्या आश्रयानें शनवारवाड्यांत चित्रशाळा घातली व गंगाराम तेथें शिकला, यावरून गंगारामाची सारी प्राणिचित्रकला वेल्सचीच देणगी, असें अनुमान सहज होतें. परंतु त्याच्या गेंड्याच्या चित्रावर पुण्याचें स्थळ व नोव्हेंबर १७९० हा काल दिलेला आहे, आणि वेल्स मुंबईस उतरला तो इ. स. १७९१ त. म्हणजे गुरूच्या आगमनापूर्वींच शिष्याचा हात तयार होता. एका ओळीच्या लेखानें एका पुणेंकर कारागिराचें श्रेय त्याचें त्यास परत मिळालें. ती ओळ कोणी कातरून टाकली असती, तर गंगाराम कायमचा दुसऱ्याचा अनुयायी ठरला असता.

चौथी परीक्षा विषयाची. कुत्र्याबरोबर घोडा, भंडार, त्रिशूल, डमरू अशीं चिन्हें असतील किंवा चित्र पिंगुळीच्या चित्रकथी पोथींतून सुटलेलें असेल, तर तो कथेंतला अथवा देवाचा श्वान होय. त्यास ऐतिहासिक नांव देणें हा अनाचार आहे. पट्टा, झूल, साखळी व धरणारा नोकर असेल, तर तो कोणा तरी धन्याचा श्वान. पण कोणाचा, तें पट्टा सांगत नाहीं, लेख सांगतो. लोकांची भक्ति लेखाची जागा घेऊं पाहते, हें आपण पाहतोंच. रायगडावरील वाघ्याचा पुतळा इ. स. १९३६ चा आहे. इ. स. २०१२ त तो काढला गेला व पुन्हा बसविला गेला, इतकी त्याच्याविषयीं दोन्ही बाजूंस तीव्र भावना आहे. तो पुतळा विसाव्या शतकांतील लोकभावनेचा उत्तम पुरावा आहे. शिवकालाचा पुरावा शिवकालीन कागदांतच शोधला पाहिजे. हाच न्याय चित्रांस लागू आहे.

या विवेचनाचें फलित काय? शाहू महाराजांच्या श्वानाचा प्रश्न चित्रावरून सुटणार नाहीं. तो सुटला तर कागदावरून सुटेल. जहागिरीची सनद निघाली म्हणजे ती एका तुकड्यावर संपत नाहीं. तिची नक्कल होते, फडणिशींत बार होतो, मामलेदारास ताकीदपत्र जातें, आणि गांवच्या ताळेबंदांत वजावाट दिसते. पालखीचा खर्च शिकारखान्याच्या अथवा पालखीखान्याच्या हिशेबांत पडतो. असा एक कागद राणीच्या मृत्यूच्या पूर्वींच्या तारखेचा हातीं लागला, तर सनद व पालखी यांचा बुद्धिभ्रमाशीं असलेला संबंध तुटेल, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ राज्य सांभाळणाऱ्या एका राजाच्या नांवावरील डाग तेवढ्यापुरता पुसला जाईल. तो नंतरच्या तारखेचा निघाला, तर डफचें म्हणणें बळावेल, आणि तेंहि आपण तितक्याच सरळपणें स्वीकारलें पाहिजे. शिकारखान्याचे हिशेब रुक्ष म्हणून पुडक्यांतच ठेवण्याची जी चाल पडली आहे, ती सोडण्यास एवढें कारण पुरे आहे.

संग्राहकांस आमची विनंती थोडक्यांत इतकीच. चित्र पुठ्ठ्यावर चिकटवूं नये, कारण पाठ गेली म्हणजे साक्षच गेली. हाशिये कातरूं नयेत. मुरक्क्यांतील पानें सुटीं करून विकूं नयेत. करणें भागच पडल्यास आधीं त्यांचा अनुक्रम लिहून ठेवावा. दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें. चित्र ज्या पुडक्यांत सांपडलें, त्यांतील कागदांची यादी त्याच्याबरोबर ठेवावी. आणि आपल्या अनुमानाचें नांव चित्रावर न लिहितां निराळ्या कागदावर, आपल्या सहीनें व तारखेनें लिहावें, म्हणजे पुढील अभ्यासकास आपलें मत व चित्राची साक्ष हीं दोन वेगळीं ओळखतां येतील.

कुत्रा हा इमानाबद्दल प्रसिद्ध प्राणी आहे. त्याच्या चित्राशीं आपण निदान बेइमानी करूं नये.